बॅकअप सर्व्हरचे अलर्ट खरंच पोचतात का? अ‍ॅन्सिबलने सेफली टेस्ट कसं करायचं

वेबसाइट पडली की पाच मिनिटांत कोणीतरी बोंब मारतं. बॅकअप पडला तर कोणालाच काही कळत नाही, सगळं मस्त चालू असतं, आणि ज्या दिवशी रिस्टोर करायची वेळ येते त्या दिवशी समजतं की कितीतरी दिवस फाइलच बनलेली नाहीये. म्हणजे बॅकअपच्या बाबतीत अलर्ट सोडून दुसरं कोणी सांगणारं नसतंच, आणि तोच अलर्ट आपण एकदा कॉन्फिगर करून विसरून जातो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने सेकंडरी (कॉपी ठेवणारा) समजून प्रायमरी (मुख्य) डेटाबेस सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडवली. मग बॅकअप बघायला गेले तर एस३ बकेट (क्लाउडवरची बॅकअप ठेवायची जागा) रिकामं, कारण डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली कॉपी) काढणारं टूल पोस्टग्रेस डेटाबेसच्या ९.२ व्हर्जनचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे डंप एरर देऊन थांबत होता. एरर आली की क्रॉनकडून (ठरलेल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम) मेल जायची सोयही होती हो, पण त्या मेलसाठी डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे तपासायची सोय) लावलेलं नव्हतं म्हणून समोरचा मेल सर्व्हर ते रिजेक्ट करत होता, आणि टीमला कधी कळलंच नाही. साधारण सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलंय. यातून नवीन माणसाने दोन गोष्टी उचलायच्या, एक म्हणजे मेसेज "गेला" म्हणजे "पोचला" असं नाही, आणि दुसरी, आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत हे कमांड मारायच्या आधी दोनदा बघायचं. खालची सगळी पद्धत या दोन गोष्टींभोवतीच आहे.

मी गृहीत धरतेय की तुमच्याकडे लिनक्सवर चालणारा बॅकअप सर्व्हर आहे, सिस्टमडी (लिनक्सवरच्या सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्राम) टायमरवर रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअप टूलचा जॉब चालतो, आणि मॉनिटरिंगला प्रोमिथियस (सर्व्हरचे आकडे गोळा करून रूल तपासणारा) आणि अलर्टमॅनेजर (अलर्ट कोणाला पाठवायचा ते ठरवणारा) आहे. झॅबिक्स किंवा नागिओस असेल तरी पायऱ्या त्याच, फक्त बटणं वेगळी. कमांड आणि ऑप्शनची नावं मी देवनागरीत लिहितेय, नक्की स्पेलिंग त्या त्या टूलच्या हेल्पमध्ये मिळेल.

पायरी १: अलर्टचा रस्ता कागदावर काढा

टूल उघडायच्या आधी कागद घ्या. बॅकअप जॉब फेल झाल्यापासून माणसाचा फोन वाजेपर्यंत मध्ये काय काय आहे ते लिहून काढा. साधारण असं निघतं: जॉब एक एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, शून्य म्हणजे यशस्वी) देतो, तो कोड कोणीतरी वाचतं (सिस्टमडी, रॅपर स्क्रिप्ट किंवा प्रोमिथियसचा रूल), तिथून अलर्टमॅनेजरकडे जातं, तो ठरवतो कोणाला पाठवायचं, मग मेल किंवा चॅट किंवा एसएमएस, आणि शेवटी फोन हातात घेऊन बसलेला किंवा झोपलेला माणूस. यातली एक कडी जरी तुटली तरी बाकी सगळं हिरवं दिसतं, हीच तर गंमत आहे.

मग अलर्ट कुठले कुठले हवेत ते लिहा. जॉब फेल झाला, जॉब चाललाच नाही, डिस्क भरत आली, आणि जमल्यास बॅकअपचा साइज अचानक खूप कमी झाला. नवीन लोक पहिला आणि तिसरा लावतात आणि दुसरा विसरतात. माझ्या मते दुसराच सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे बराच वेळ घालवणार आहे.

पायरी २: अ‍ॅन्सिबलला कुंपण घाला

अ‍ॅन्सिबल माहीत नसेल तर एवढंच: तुमच्या मशीनवरून एसएसएचने सर्व्हरवर जाऊन लिहून ठेवलेली कामं क्रमाने करणारं टूल. सर्व्हरवर वेगळा एजंट लागत नाही, लिनक्सवर पायथन असलं की बहुतेक काम होतं. सर्व्हरची यादी असते ती इन्व्हेंटरी, कामांची फाइल ती प्लेबुक.

हाताने एसएसएच करून टेस्ट केली तर काय होईल? होईल की, पण मग कुठली फाइल बदलली, कुठली परत ठेवायची राहिली हे लक्षात ठेवायचं काम तुमच्या डोक्यावर येतं. प्लेबुकमध्ये सगळं लिहिलेलं असतं, साफसफाईसकट, आणि पुढच्या महिन्यात दुसरा कोणी तीच टेस्ट जशीच्या तशी करू शकतो. तोटा एवढाच की चूक झाली तर तीही एका झटक्यात पन्नास सर्व्हरवर होते. म्हणून कुंपण.

टेस्टसाठी वेगळी इन्व्हेंटरी फाइल बनवा आणि त्यात फक्त एक सर्व्हर ठेवा. जमत असेल तर आधी बॅकअप सर्व्हरसारखीच एक छोटी व्हर्च्युअल मशीन उभी करून त्यावर पूर्ण प्लेबुक चालवून बघा, मग खऱ्यावर जा. प्लेबुकमध्ये होस्ट्सच्या जागी "ऑल" कधीही लिहू नका, ग्रुपचं नाव लिहा.

लिमिट ऑप्शन (रन ठराविक सर्व्हरपुरता ठेवणारा) सगळे शिकवतात आणि तो चांगलाच आहे, पण तो कमांड मारताना आठवावा लागतो, विसरलात तर प्ले त्या ग्रुपमधल्या सगळ्यांवर चालतो. म्हणून फक्त लिमिटच्या भरवशावर राहू नका. प्लेबुकचं पहिलंच टास्क असर्ट मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे एकेक काम करणारा अ‍ॅन्सिबलचा तयार भाग) ठेवा, ज्यात दोन अटी तपासा, होस्ट टेस्टच्या ग्रुपमध्ये आहे का, आणि "टेस्ट करायची हो" असा एक व्हेरिएबल कमांडवर मुद्दाम दिलाय का. दोन्हीपैकी एक नसेल तर तिथेच थांब. याच्या जोडीला नेव्हर नावाचा खास टॅग आहे, तो लावलेलं टास्क नावाने मागितल्याशिवाय चालतच नाही, तर बिघाड करणाऱ्या सगळ्या टास्कला तो लावून टाका.

रन करायच्या आधी लिस्ट होस्ट्स ऑप्शन देऊन बघा, काहीही न करता कुठल्या सर्व्हरवर जाणार ते छापतं. मग चेक मोड (प्रत्यक्ष काही न बदलता चालवून बघणं) आणि डिफ (फाइलमध्ये काय बदलेल ते दाखवणं). इथे एक फसवणूक होते ती सांगते. चेक मोडमध्ये शेल आणि कमांड मॉड्यूलची टास्क साधारणपणे स्किप होतात, त्यामुळे चेक मोड हिरवा आला याचा अर्थ अलर्ट टेस्ट झाला असा अजिबात नाही, फक्त फाइल्समध्ये काय बदल होणार एवढंच कळतं.

टोकन, वेबहुकची लिंक, मेलचा पासवर्ड हे सगळं व्हॉल्टमध्ये (अ‍ॅन्सिबलची एन्क्रिप्ट केलेली फाइल), आणि ज्या टास्कमध्ये ते वापरलंय तिथे नो लॉग (आउटपुटमध्ये न छापणं) चालू. नाहीतर डीबग करताना व्हर्बोज लावता, आउटपुट कॉपी करून ग्रुपवर टाकता, आणि टोकन सगळ्या गावभर.

पायरी ३: वेळ आणि माणसं

बॅकअप चालू असतानाच्या वेळेत टेस्ट नको. बहुतेकांचे जॉब रात्री असतात तर तुम्ही दिवसा करा, पण दिवसाही प्रून (जुने बॅकअप काढणं) किंवा चेक (बॅकअप तपासणं) असे लांब चालणारे जॉब असू शकतात, म्हणून असर्टनंतरचं टास्क हेच ठेवा की बॅकअपच्या सर्व्हिसेस आत्ता अ‍ॅक्टिव्ह आहेत का बघ, असतील तर थांब. ऑन-कॉल माणसाला (ज्याची अलर्ट बघायची पाळी आहे त्याला) आधी सांगा. किती वाजता, कुठला सर्व्हर, अंदाजे किती मेसेज येतील, आणि खरा अलर्ट आला तर तो कसा ओळखायचा.

हा शेवटचा मुद्दा फार लोक टाळतात. टेस्ट आहे म्हणून अख्ख्या बॅकअप सर्व्हरवर सायलेन्स (अलर्टचे मेसेज तात्पुरते दाबणं) टाकून देतात, आणि नेमकं त्याच तासात खरंच काहीतरी बिघडलं तर? त्यापेक्षा टेस्टच्या अलर्टला एक वेगळं लेबल द्या, समजा "टेस्ट=होय", आणि अलर्टमॅनेजरमध्ये त्या लेबलसाठी वेगळा रूट (मेसेजची वाट) करून तो टेस्टच्या चॅनलवर पाठवा. खरे अलर्ट त्यांच्या नेहमीच्या वाटेने जात राहतात. सायलेन्स लागलाच तर नेमक्या लेबलवर, कमी वेळाचा, आणि कॉमेंटमध्ये तुमचं नाव.

पायरी ४: शेवटची कडी सगळ्यात आधी

सुरुवात फोनच्या टोकाकडून करा. म्हणजे आधी बाकी सगळं सोडून नुसता एक मेसेज पाठवून बघा, मेल असेल तर मेल मॉड्यूलने, चॅट किंवा वेबहुक असेल तर यूआरआय मॉड्यूलने.

तो मेसेज बॅकअप सर्व्हरवरूनच गेला पाहिजे, जर खरा अलर्टही तिथूनच थेट जाणार असेल तर. बरेच जण सोपं पडतं म्हणून टास्क लोकलहोस्टला डेलिगेट करतात, मग मेसेज तुमच्या लॅपटॉपवरून जातो, छान पोचतो, आणि बॅकअप सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये बाहेर जायचा पोर्ट बंद आहे हे तसंच झाकलेलं राहतं. अलर्ट मॉनिटरिंग सर्व्हरवरून जात असेल तर टेस्टही तिथूनच. ज्या रस्त्याने खरा अलर्ट जाणार त्याच रस्त्याने खोटा गेला पाहिजे.

मेसेजमध्ये पहिला शब्द "टेस्ट". मग सर्व्हरचं नाव, वेळ, कोण करतंय, आणि वाचणाऱ्याने काय करायचं, म्हणजे "काही करू नका, फक्त मिळाला असं कळवा". हवाईमध्ये १३ जानेवारी २०१८ ला ड्रिलच्या वेळी क्षेपणास्त्र येतंय असा खरा अलर्ट लोकांच्या फोनवर गेला होता, आणि तो चुकीचा होता हे सांगणारा दुसरा मेसेज यायला ३८ मिनिटं लागली. आपला मामला एवढा मोठा नाही, पण रात्री "बॅकअप फेल" वाचून कोणी घाईत खरा जॉब परत चालवला किंवा लॉक काढून टाकला तर टेस्ट महागात पडते. प्रत्येक रनला एक आयडी पण द्या, तारीख आणि वेळ जोडून केलेला चालेल, म्हणजे आलेला मेसेज आत्ताचा की मागच्या रनचा यावर वाद होत नाही.

टास्क ओके आलं म्हणजे मेल सर्व्हरने मेल घेतला, एवढंच. पुढे तो स्पॅममध्ये गेला, डीमार्कमुळे उडाला, की ग्रुप मेलच्या मॉडरेशनमध्ये अडकला हे अ‍ॅन्सिबलला माहीत नसतं. म्हणून इथे पॉझ मॉड्यूल टाका जो विचारेल की मेसेज आला का, आणि तुम्ही फोनवर डोळ्यांनी बघूनच पुढे एंटर मारायचा. फोन डू नॉट डिस्टर्बवर असताना पण एकदा करून बघा, कारण खरा अलर्ट रात्रीच येणार आहे.

पायरी ५: रूटिंग

आता अलर्टमॅनेजर. त्याच्यासोबत एएमटूल नावाची छोटी कमांड येते आणि तिच्यात रूट टेस्ट करायची सोय आहे, लेबल द्या आणि ती सांगते की हा अलर्ट कुठल्या रिसीव्हरकडे जाईल. मेसेज एकही जात नाही, त्यामुळे हे कितीही वेळा करा. खऱ्या अलर्टची लेबल देऊन पण बघा, कारण टेस्टचा रूट वर घुसवताना खालचे रूट बिघडलेत का हे इथेच कळतं.

मग त्याच एएमटूलने खोटा अलर्ट टाका, किंवा यूआरआय मॉड्यूलने थेट अलर्टमॅनेजरच्या एपीआयला पाठवा, डिफॉल्ट पोर्ट ९०९३ असतो. संपायची वेळ सोबत द्या म्हणजे तो आपोआप जाईल. नाही दिली तर डिफॉल्टने ५ मिनिटांनी रिझॉल्व्ह होतो.

इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. अलर्ट टाकला आणि लगेच मेसेज आला नाही तर घाबरू नका, ग्रुप वेट डिफॉल्टला ३० सेकंद आहे, तेवढं थांबूनच पहिला मेसेज जातो. मग तुम्ही खात्रीसाठी लगेच परत तोच अलर्ट टाकता आणि या वेळी काहीच येत नाही, आणि वाटतं की बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, तीच लेबल असलेला अलर्ट त्याच्यासाठी जुनाच आहे, आणि जुन्याची आठवण परत पाठवायला रिपीट इंटरव्हल डिफॉल्टला ४ तास आहे. रन आयडी लेबलमध्ये घातला तर तो नवीन अलर्ट धरला जातो, तरी त्याच ग्रुपमध्ये पडला तर ग्रुप इंटरव्हलची ५ मिनिटं थांबावं लागतं. तुमच्या कॉन्फिगमध्ये हे आकडे बदललेले असतील तर ते बघून घ्या आणि प्लेबुकमधला पॉझ त्याप्रमाणे ठेवा. अजून एक, "बरं झालं" चा मेसेज वेबहुकला डिफॉल्टने जातो पण मेलला जात नाही, तो सेटिंगमध्ये चालू करावा लागतो.

पायरी ६: खरा बिघाड, पण खऱ्या बॅकअपला हात न लावता

इतकं झालं की बहुतेक लोक टेस्ट झाली म्हणून उठतात. पण आपण अजून फक्त पोस्टमनला तपासलंय, पत्र लिहिणाऱ्याला नाही. जॉब फेल झाल्यावर अलर्ट तयारच होतो का ते बघायचंय.

यासाठी खऱ्या जॉबचा पासवर्ड बदलणं, रेपॉझिटरीचं नाव बदलणं, नेटवर्क केबल काढणं असले प्रकार करू नका. कोणीतरी मध्येच बोलावतं, तुम्ही उठता, आणि रात्रीचा बॅकअप खरंच पडतो. त्याऐवजी एक खोटी सर्व्हिस बनवा. सिस्टमडीची वनशॉट युनिट (एकदा चालून संपणारी सर्व्हिस), नाव असं की बघताक्षणी टेस्ट कळावी, आणि ऑनफेल्युअरच्या ओळीत (फेल झाल्यावर काय चालवायचं ते) नेमकं तेच जे खऱ्या बॅकअप सर्व्हिसमध्ये आहे. आत चालणारी कमांड फॉल्स, जी काही न करता एक्झिट कोड १ देऊन संपते. अ‍ॅन्सिबलने फाइल ठेवा, डीमन रीलोड करा, स्टार्ट करा. स्टार्टचं टास्क फेल होणार, आणि आपल्याला तेच हवंय, म्हणून फेल्ड व्हेनमध्ये उलटी अट लिहा की सर्व्हिस यशस्वी झाली तरच एरर समज.

एका कोडवर थांबू नका पण. रेस्टिकला काही फाइल वाचता आल्या नाहीत तर तो ३ देतो, बॅकअप बनतो पण अर्धवट. बोर्गमध्ये १ म्हणजे वॉर्निंग आणि २ म्हणजे एरर. आरसिंकचा (फाइल कॉपी करणारं टूल) २३ म्हणजे काही भाग गेला नाही आणि २४ म्हणजे कॉपी करताना मूळ फाइलच गायब झाली, जे चालू सर्व्हरवर नॉर्मल असू शकतं. यातल्या कुठल्या कोडवर रात्री उठवायचं आणि कुठल्यावर सकाळी मेल पुरे, हे तुम्ही ठरवायचं, आणि खोट्या सर्व्हिसने ते ते कोड देऊन बघायचं की ठरवल्यासारखंच होतंय.

तुमचा जॉब शेल स्क्रिप्टमधून चालत असेल तर खोटी सर्व्हिस त्याच रॅपरमधून चालवा, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच निघतो. बॅकअपच्या कमांडचं आउटपुट पाइपने टी या कमांडकडे पाठवून लॉग लिहिलेला असतो, पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तर कळवणारं शेलचं सेटिंग) चालू नसतो, मग स्क्रिप्टला टी चा कोड मिळतो आणि तो जवळपास नेहमी शून्य. किंवा शेवटच्या ओळीत "बॅकअप संपला" असा एको, तो यशस्वी, म्हणून सगळी स्क्रिप्ट यशस्वी. आत रेस्टिक रडत असतो आणि बाहेर सगळं आनंदी आनंद.

आता दुसरा अलर्ट, जॉब चाललाच नाही तर. टायमर डिसेबल झाला, सर्व्हर रीबूटनंतर माउंटच नाही, कोणीतरी क्रॉनची ओळ कॉमेंट केली, यात एक्झिट कोडच नाही, कारण काही चाललंच नाही. म्हणून इथे शेवटच्या यशस्वी बॅकअपची वेळ बघावी लागते. नेहमीची पद्धत अशी की जॉब यशस्वी झाला की स्क्रिप्ट एका छोट्या फाइलमध्ये वेळ लिहिते, नोड एक्स्पोर्टरचा (सर्व्हरचे आकडे प्रोमिथियसला देणारा प्रोग्राम) टेक्स्टफाइल कलेक्टर ती वाचतो, आणि प्रोमिथियसचा रूल म्हणतो की आत्ताची वेळ वजा ती वेळ अमुक तासांपेक्षा जास्त असेल तर ओरड. रोजच्या बॅकअपला मी २६ तास ठेवते, २४ ठेवलं तर जॉबला थोडा उशीर झाला तरी उगाच वाजतं.

टेस्टसाठी खऱ्या फाइलमधली वेळ मागे करू नका, दुसरी फाइल ठेवा, मेट्रिकचं (प्रोमिथियसला मिळणाऱ्या आकड्याचं) नाव तेच पण जॉबचं लेबल टेस्ट, आणि वेळ तीन दिवसांपूर्वीची. कॉपी मॉड्यूल आधी टेम्पररी फाइल लिहून मग जागेवर ठेवतं त्यामुळे अर्धवट फाइल वाचली जायची भीती नाही, फक्त परमिशन अशी ठेवा की एक्स्पोर्टरच्या युजरला वाचता येईल. रूलमध्ये फॉर (अट किती वेळ खरी राहिली पाहिजे ते) १० मिनिटं असेल तर तेवढं थांबा, मग अलर्ट यायलाच हवा.

आला? छान. आता ती फाइल डिलीट करा आणि बघा काय होतं.

अलर्ट बंद होतो. "सगळं ठीक" असा मेसेज पण येऊ शकतो. म्हणजे माहिती जुनी होती तेव्हा आरडाओरडा, आणि माहितीच गायब झाली तर शांतता. कारण प्रोमिथियसकडे ते मेट्रिकच नाही तर तुलना करायला काही नाही, आणि तुलना नाही तर अलर्ट नाही. खऱ्या आयुष्यात हे असं होतं: सर्व्हर नव्याने बसवला आणि कलेक्टरची डिरेक्टरी सेट करायची राहिली, किंवा लेबलचं नाव बदललं, किंवा एक्स्पोर्टरच बंद. मी म्हणते ना दुसरा अलर्ट सगळ्यात महत्त्वाचा, तो यामुळेच.

यावर इलाज म्हणजे अ‍ॅबसेंट फंक्शनचा (मेट्रिकच नसेल तर वाजणारा) वेगळा रूल, प्रत्येक महत्त्वाच्या जॉबसाठी लेबल देऊन एकेक, कारण लेबल न देता लिहिलात तर दहातला एक जॉब गायब झाला तरी बाकी नऊ आहेत म्हणून तो गप्पच बसेल. टेस्टच्या जॉबसाठीही असा एक रूल तेवढ्यापुरता ठेवा, आणि वरची फाइल डिलीट करायची स्टेप परत करा, या वेळी अ‍ॅबसेंटचा अलर्ट आला पाहिजे. सर्व्हरच पडला तर काय, त्यासाठी अप मेट्रिक (प्रोमिथियसला सर्व्हरकडून आकडे मिळतायत का ते सांगणारं) शून्य झाल्याचा रूल.

आणि प्रोमिथियसच पडला तर? म्हणून एक पहारा बाहेर हवा. हेल्थचेक्स नावाचं ओपन सोर्स टूल आहे, जॉब यशस्वी झाला की तो एका लिंकला पिंग मारतो, ठरलेल्या वेळेत अधिक थोडी सवलत धरून पिंग आला नाही तर ते टूल तुम्हाला कळवतं. टेस्टला एक खोटा चेक बनवा, वेळ अगदी कमी ठेवा, एकदा पिंग करा आणि मग काहीच करू नका. अलर्ट पाठवणारी मंडळी बॅकअप सर्व्हरवरच राहत असतील, म्हणजे अलर्टमॅनेजर पण त्याच मशीनवर, तर आजच बाहेर हलवा, मशीन गेलं तर निरोप द्यायलाही कोणी उरत नाही.

डिस्कचं लवकर आवरते. खरी डिस्क भरू नका, कितीही सोपं वाटलं तरी. २०० एमबीची एक इमेज फाइल बनवा, त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टम, लूप करून (फाइललाच डिस्क समजून) वेगळ्या माउंट पॉइंटवर माउंट, आणि ती भरा. रूलमध्ये फक्त खरा माउंट पॉइंट लिहिला असेल तर टेस्टचा पण तेवढ्यापुरता धरावा लागेल. ईएक्सटी४ डिफॉल्टला ५ टक्के जागा रूट युजरसाठी (सर्व्हरचा अ‍ॅडमिन) राखून ठेवतं, त्यामुळे फ्री आणि अव्हेलेबल हे दोन आकडे वेगळे दिसतात, रूल अव्हेलेबलवर लिहिलेला असावा. रूलचं नुसतं गणित तपासायचं असेल तर सर्व्हरही नको, प्रोमिथियससोबत येणाऱ्या प्रॉमटूलमध्ये रूलची युनिट टेस्ट लिहिता येते, खोटे आकडे द्या आणि अलर्ट कुठल्या मिनिटाला वाजतो ते बघा.

पायरी ७: साफसफाई

बिघाडाची सगळी टास्क ब्लॉकमध्ये आणि साफसफाई त्याच ब्लॉकच्या ऑलवेजमध्ये लिहा, म्हणजे मध्ये काही फेल झालं तरी ती चालते. अनमाउंट, इमेज फाइल डिलीट, टेस्टची मेट्रिक फाइल डिलीट, तात्पुरते रूल काढून प्रोमिथियस रीलोड, खोटी युनिट डिलीट, डीमन रीलोड, रीसेट फेल्ड, सायलेन्स टाकला असेल तर एक्स्पायर.

पण ऑलवेज म्हणजे अगदी ऑलवेज नाही. मध्येच सर्व्हरशी कनेक्शन तुटलं किंवा तुम्ही कंट्रोल सी दाबलं तर साफसफाई राहून जाते. म्हणून तीच टास्क एका वेगळ्या प्लेबुकमध्ये पण ठेवा, सगळी "अ‍ॅबसेंट" स्टेटची, म्हणजे वस्तू असेल तर काढणारी, कितीही वेळा चालवली तरी चालतात. आणि टेस्टच्या सुरुवातीलाच सिस्टमडी रनने अर्ध्या तासाचा टायमर लावून ठेवा जो त्या सर्व्हरवर स्वतःच या वस्तू काढून टाकेल. तुमचा लॅपटॉप बंद पडला तरी बॅकअप सर्व्हरवर रात्रभर खोटा माउंट राहत नाही.

शेवटी तीन गोष्टी डोळ्यांनी बघा: अलर्टमॅनेजरमध्ये टेस्टचा कुठलाही अलर्ट किंवा सायलेन्स उरलेला नाही, खऱ्या बॅकअपची शेवटची वेळ टेस्टच्या आधी होती तीच आहे, आणि टायमरच्या यादीत रात्रीचा जॉब त्याच्या वेळेला उभा आहे.

मेसेज आलाच नाही तर

मग टेस्टचं काम झालं, आता तुटलेली कडी शोधायची, आणि ती फोनकडून मागे नाही तर अलर्ट जिथे तयार होतो तिथून फोनकडे शोधत जा. प्रोमिथियसच्या अलर्टच्या पानावर तो फायरिंग दिसतोय का, की अजून पेंडिंग? फायरिंग असेल तर अलर्टमॅनेजरच्या पानावर पोचलाय का? तिथे असेल तर सप्रेस्ड आहे का, म्हणजे कुठल्या जुन्या सायलेन्सने किंवा इनहिबिशनच्या (एक अलर्ट चालू असताना दुसरा दाबणाऱ्या) रूलने दाबलाय का? तेही नाही तर त्याच्या लॉगमध्ये नोटिफाय फेल झाल्याची ओळ शोधा, टोकन संपलेलं असलं तर तिथे दिसतं. तिथेही सगळं बरं असेल तर मेल सर्व्हरचा लॉग, मग स्पॅम फोल्डर, मग फोनची सेटिंग. सिस्टमडीच्या वाटेने जाणारा अलर्ट असेल तर जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) ऑनफेल्युअरची युनिट सुरू झाली का आणि तीच फेल झाली का ते बघा. अलर्ट पाठवणारी युनिटच फेल झाली तर तिच्यासाठी ऑनफेल्युअर सहसा कोणी लिहिलेला नसतो, म्हणून तिची एरर फक्त जर्नलमध्येच पडून असते.

कडी सापडली, दुरुस्त केली, की तेवढीच परत टेस्ट करून थांबू नका, नवीन रन आयडी देऊन प्लेबुक पहिल्यापासून चालवा, कारण मेलचं दुरुस्त करताना रूट बदललेला असू शकतो. आणि हे महिन्यातून एकदा शेड्यूलवर टाकायचा विचार असेल तर पॉझवाला प्रश्न तिथे चालणार नाही, शेड्यूलरकडे एंटर मारायला कोणी बसलेलं नसतं, तर मेसेज मिळाल्याची नोंद ऑन-कॉल माणसाने रन आयडीसकट शीटमध्ये करायची आणि दुपारपर्यंत नोंद नसेल तर कोणीतरी त्याला फोन करायचा, हे कोण करणार ते नावासकट ठरवून मगच शेड्यूल चालू करा.